सुभेदार आभाळ्यांचा शब्द

सदाशिव आभाळे फौजेत भरती झाला तेव्हा त्याला वाटलं होतं, आपल्या हातात बंदूक येईल. आली ती पिठाची गोणी. पुरवठ्याच्या शाखेत त्याची नेमणूक झाली आणि पुढची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या पोटाची काळजी वाहण्यात गेली. लेहला अंडी गोठायची, जैसलमेरला डाळीत वाळू यायची, नागालँडात मिठाचा ट्रक चिखलात रुतून बसायचा आणि वर डोंगरावरची माणसं अळणी खिचडी खाऊन त्याच्या नावाने बोटं मोडायची. सुभेदार होऊन तो चंडीमंदिरच्या छावणीतून निवृत्त झाला, तेव्हा एक्क्याण्णव साल चालू होतं.

त्याचं गाव अकोले तालुक्यात, प्रवरेच्या काठी. तिकडेच जायचं ठरलं होतं. पण मुलगी उल्का नववीत होती आणि तिचं सगळं शिक्षण हिंदी-इंग्रजीत झालेलं. बायको सरोज म्हणाली, "तिची बारावी होऊ द्या, मग जाऊ." म्हणून त्यांनी चंदीगडला खेटून असलेल्या मनीमाजऱ्याच्या बाजारातल्या एका गल्लीत, लाला हरबन्सलालच्या धान्याच्या दुकानावर तीन खोल्या भाड्याने घेतल्या. चंदीगडच्या सरळ रेषेतल्या सेक्टरांपेक्षा सरोजला ही गल्ली बरी वाटायची. इथे निदान भाजीवाली भांडायची तरी.

बसून राहणं सदाशिवच्या अंगात नव्हतं. ओळखीतल्या एका मेजरच्या शिफारशीवर त्याला लवकरच काम मिळालं. पंजाबात तेव्हा दहशतवाद टिपेला पोचला होता. दिवस कलला की रस्ते ओस पडायचे, बसमधून माणसं उतरवून मारली जायची. फौज आणि पोलीस कमी पडत होते म्हणून गावागावांतून माणसं घेऊन एक जादा दल उभं केलं होतं. थोडी कवायत, खाकी कपडे, एक जुनी रायफल आणि आपल्याच भागातल्या चौकीवर पहारा. या माणसांना शिधा पोचवायचं काम सदाशिवकडे आलं. मनीमाजऱ्याच्या पलीकडे, पंचकुल्याच्या वाटेवर बंद पडलेल्या एका कारखान्याची गोदामं होती, तिथे दलाचा तळ होता. तिथून आटा, डाळ, कांदे, सरसोंचं तेल, रॉकेल आणि ब्लँकेटं भरून ट्रक निघायचे ते थेट तरनतारनच्या बाजूला.

ट्रकबरोबर सदाशिव स्वतः जायचा. अंधार पडायच्या आत रस्त्यावरून बाजूला व्हायचं, हा एकच नियम. ड्रायव्हर रस्त्याकडे बघायचा आणि सदाशिव दोन्ही बाजूंच्या उसाकडे. घरी पोचला की सरोज काही विचारायची नाही, नुसतं पाणी पुढे करायची. एकदाच म्हणाली, "तुम्ही फौजेत होतात तेव्हा मी अशी दारात उभी राहत नव्हते."

सगळ्यांत लांबची चौकी एका गावच्या बंद शाळेत होती. तिथला प्रमुख जागीर सिंग. तोही जुना फौजी. रुंद बांध्याचा, सावकाश बोलणारा, वाक्य पुरं करायच्या आधी जमिनीकडे बघणारा. रात्रीचा आसरा द्यायला नकार दिला म्हणून त्याच्या थोरल्या भावाला अतिरेक्यांनी शेतातच मारलं होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जागीर दलात दाखल झाला. ट्रक आला की तो स्वतः गोण्या उतरवायचा आणि मग शाळेच्या पायरीवर बसून सदाशिवला चहा द्यायचा. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी यायची, पण फौजेची हिंदी दोघांची एकच होती.

"सुभेदार साब, हे संपल्यावर तुम्ही कुठे जाणार?" जागीरने एकदा विचारलं.

"गावी. शेत आहे थोडं."

"माझंही शेत आहे," जागीर म्हणाला, आणि हात लांब करून शाळेच्या मागे दाखवलं. "ते बघा. इथून दिसतं. पण जाता येत नाही."

मग हळूहळू ते संपलं. कधी संपलं ते नेमकं कुणालाच सांगता आलं नसतं. निवडणुका झाल्या, धरपकड झाली, चकमकी झाल्या, आणि त्र्याण्णवच्या हिवाळ्यात सदाशिवच्या लक्षात आलं की अंबाल्याच्या रस्त्यावरचे ढाबे दिवे लावून उघडे राहताहेत. मनीमाजऱ्यात लग्नाच्या वराती पुन्हा बँड लावून निघू लागल्या. लालाजी दुकान उशिरापर्यंत चालू ठेवायला लागले. लोक सुटकेचा श्वास टाकत होते, आणि त्याच सुमारास दल बरखास्त करायचा हुकूम आला.

आता सदाशिवचं काम उलटं झालं. इतके दिवस द्यायचं होतं, आता परत घ्यायचं. चौक्या बंद होऊन एकेक तुकडी तळावर यायची. रायफल जमा, काडतुसं जमा, खाकी कपडे जमा, बूट जमा. माणसं घरून आणलेले कुर्ते-पायजमे घालून गोदामाच्या मागच्या दाराने बाहेर पडायची. पुढच्या दाराने आलेला माणूस आणि मागच्या दाराने गेलेला माणूस एकच आहे हे ओळखणं कठीण जायचं, इतका तो लहान दिसायचा. कुणी निरोप समारंभ ठेवला नव्हता. पुढे पोलिसात घेऊ असं भरतीच्या वेळी काही जणांना सांगितलं गेलं होतं, पण ते कुणी सांगितलं होतं हे आता सापडत नव्हतं.

तळाचे प्रमुख ग्रेवाल नावाचे अधिकारी होते. बॉम्बच्या स्फोटात त्यांचा एक पाय अधू झाला होता. माणूस वाईट नव्हता. थंडी कडाक्याची होती, तेव्हा सदाशिव त्यांना म्हणाला, "साहेब, ब्लँकेटं तेवढी राहू द्या त्यांच्याकडे." ग्रेवालनी वर न बघता मान हलवली. "राहू द्या. वहीत फाटली म्हणून लिहा."

सगळ्यांत शेवटी जागीरची तुकडी आली, फेब्रुवारीत. ट्रकमधून उतरली आणि गोदामासमोरच्या मैदानात रायफली मांडीवर घेऊन बसली. आत यायला कुणी तयार नव्हतं. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. नुसतं बसून राहणं. पुढे काय होणार ते कुणीतरी सांगावं, मग हत्यार देऊ, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ग्रेवाल फोनवर बोलून आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "उद्या संध्याकाळपर्यंत हत्यारं जमा झाली नाहीत तर दुसरी फौज पाठवणार म्हणतात," ते सदाशिवला म्हणाले. "तीन वर्षं यांनी आमच्याबरोबर गोळ्या झेलल्या. आता यांच्यावर बंदुका रोखायच्या? मला नाही जमणार. तुम्ही बोलून बघा, सुभेदार साब."

"मी काय बोलू? माझ्या हातात काय आहे?"

"माझ्याही नाही. पण तुम्ही त्यांना जेवू घातलंय."

दलाचं स्वयंपाकघर आधीच मोडून टाकलं होतं, शिधाही बंद झालेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिव लालाजींकडे गेला आणि आटा, बटाटे, मसूर डाळ मागितली. कशासाठी ते ऐकल्यावर लालाजींनी वर गुळाची भेली ठेवली. सरोज जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती चप्पल घालून खाली आली. "एवढ्या माणसांच्या पोळ्या एकटा तुमचा आचारी करणार का?" म्हणाली आणि टेम्पोत चढून बसली.

मैदानात विटांच्या चुली मांडल्या. सरोज आणि तळावरचा म्हातारा आचारी पोळ्या भाजत होते. काही वेळाने तुकडीतले दोघे उठले, रायफली पाठीवर टाकल्या आणि बटाटे सोलायला बसले. पंगती बसल्या. सदाशिव स्वतः वाढत होता. जागीरच्या पानाशी तो आला तेव्हा जागीर म्हणाला, "जेवायला घालून हत्यार काढून घ्यायचं, असं ठरलंय ना?"

"हो," सदाशिव म्हणाला. "तसंच ठरलंय."

जागीर हसला. कुणाला हसू येईल असं ते उत्तर नव्हतं, पण आजूबाजूचे दोघे-चौघेही हसले. सदाशिवने डाळीचं पातेलं खाली ठेवलं आणि तिथेच मातीत बसकण मारली.

"जागीर सिंग, हत्यार घेऊन गावात राहिलात तर पुढच्या वर्षी तुम्हालाच शोधत पोलीस येतील. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"कळतं साब. पण हत्यार टाकून गावात गेलो तर पुढचा आठवडा बघायला मिळेल का, ते सांगा." त्याने मागे बसलेल्या माणसांकडे बोट केलं. "याच्या चुलत्याचा मुलगा अतिरेक्यांत होता. याच्या शेजारचा. माझ्या शेजारची बचन कौर, तिचा सुखविंदर. आम्ही बाहेरून आलेले नव्हतो. आमचंच गाव होतं. आता तुमचं काम झालं, घरी जा म्हणता. कुठल्या घरी?"

चुलीतला धूर अंगावर येत होता. पलीकडे सरोज पोळी उलटायची थांबून सदाशिवकडे बघत होती. ज्याला गावी जाता येईल त्याने जावं, तो म्हणाला. ज्याला जाता येणार नाही त्याने मनीमाजऱ्यात माझ्या घरी यावं. लाला हरबन्सलालच्या दुकानावर, कुणीही दाखवेल. मी काम बघेन, काम मिळेपर्यंत झोपायला जागा देईन. सरकारच्या वतीने मला काही बोलता येत नाही. हे मी माझं सांगतोय.

मग मागच्या ओळीतून एक पांढऱ्या दाढीचा माणूस उठला, पान बाजूला ठेवलं, हात धुतले आणि रायफल उचलून गोदामाकडे चालू लागला. त्याच्यामागे दुसरा. उन्हं उतरायच्या आत मैदान रिकामं झालं. जागीर सगळ्यांत शेवटी गेला. रायफल सदाशिवच्या हातात देताना तो म्हणाला, "साब, मी येणार आहे हं. गंमत समजू नका."

परतताना टेम्पोत सरोजच्या हाताला कणीक वाळली होती. "किती जण येतील?" तिने विचारलं.

"येतील दोघं-चौघं."

"तुम्ही बोललात तेव्हाच मला कळलं, आता गावी जाणं राहिलं." ती रागावून बोलली नव्हती, म्हणून ते सदाशिवला जास्त लागलं.

दोघं-चौघं आले नाहीत. पहिल्या महिन्यातच बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. दोघे गेले की तिघे यायचे, आणि ऐकून ऐकून इतर तुकड्यांमधलेही यायला लागले. उल्का अभ्यासाला मैत्रिणीकडे जाऊ लागली. "पापा, ये लोग कब जाएँगे?" ती विचारायची, आणि सदाशिव मराठीत सांगायचा, "काम मिळालं की." तिला मराठी सगळं कळायचं, फक्त त्या उत्तरावर विश्वास बसायचा नाही.

सदाशिवचा दिवस आता सायकलवर जायचा. पंचकुल्यात नवे सेक्टर उठत होते, सरकारी साहेबांचे बंगले बांधले जात होते, तिथे रखवालदार लागत. पण चौकशी केल्यावर लोक काचकूच करायचे. जादा दलातला माणूस म्हटलं की एकाला तो खुनी वाटायचा आणि दुसऱ्याला वाटायचं की याला शोधत कुणी आलं तर आपणही मरू. ज्या लोकांना दोन वर्षांपूर्वी हीच माणसं आपल्या दाराशी हवी होती, ते आता चहाही न विचारता फाटकातूनच बोलत. सदाशिवने फौजेत कधी कुणासमोर हात पसरला नव्हता. आता रोज पसरत होता, आणि संध्याकाळी सायकल जिन्याखाली लावताना त्याच्या गुडघ्यांतून कळ यायची.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्याला नरेंद्र सबनीस भेटले. मोहालीच्या सेक्टर 67 मध्ये औषधविज्ञानाची मोठी संस्था उभी राहत होती, तिथे ते संशोधक होते. त्यांच्या ओळखीने तिथल्या एका ठेकेदाराने पाच-सहा माणसं रखवालीला घेतली. सदाशिवला वाटलं, आता मार्ग सापडला. तर दिवाळीच्या आसपास त्यांच्यातल्या एकाने दारू पिऊन एका मजुराचं डोकं फोडलं आणि ठेकेदाराने सगळ्यांनाच हाकललं. सदाशिव दोन दिवस त्याच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून राहिला. शेवटी चौघांना परत घेतलं. ज्याने मारलं होतं तो रात्री झोपेत ओरडायचा, हे सदाशिवला माहीत होतं. पण ते त्याने ठेकेदाराला सांगितलं नाही. सांगून ऐकणारा माणूस नव्हता तो.

सगळेच टिकले नाहीत. पांढऱ्या दाढीचा माणूस, जो पहिल्यांदा उठला होता, त्याने कुणाचंच न ऐकता गाव गाठलं आणि वर्षभरात ट्रॅक्टरखाली सापडून गेला, असं कळलं. खरंच सापडला की कुणी मारला, ते कुणी विचारलं नाही. सदाशिवनेही नाही.

जागीर बोलल्याप्रमाणे आला होता. पंचकुल्यात एका अर्धवट बांधलेल्या घरावर तो रखवालदार होता. बायको आणि आई गावीच होत्या. दर रविवारी तो सदाशिवकडे यायचा, सरोजला दळण आणून द्यायचा, भिंतीला टेकून बसायचा आणि उठून जायचा. शहाण्णवच्या उन्हाळ्यात एका रविवारी तो म्हणाला, "साब, माझ्याबरोबर गावाला चला. मला बचन कौरच्या घरी जायचंय."

"मी कशाला?"

"तुम्ही माझ्या गावचे नाही. पोलिसातले नाही. तुम्ही बरोबर असलात तर ती दार लावणार नाही."

मग त्याने सगळं सांगितलं, सावकाश, फरशीकडे बघत. सुखविंदर अतिरेक्यांमध्ये सामील झाला होता. शेजारच्या गावात पकडला गेला, तेव्हा त्याला दिवसभर शाळेतल्या चौकीवर ठेवलं होतं. संध्याकाळी पोलिसांनी जीपमधून नेलं. कालव्याच्या पुलाजवळ जीप थांबली, त्याला उतरवलं, आणि सकाळी, तो चकमकीत मेला, असं सांगण्यात आलं. जागीरनेच त्याला पकडून दिलं, असं बचन कौर गावभर सांगत होती. "मी दाखवला नव्हता," जागीर म्हणाला. "पण जीपमध्ये मी होतो."

सरोज दळणाचा डबा हातात धरून दारातच उभी राहिली होती. ती आत निघून गेली. सदाशिवने त्या रविवारी होकार दिला नाही. पुढच्या रविवारी दिला.

बसने जायला अख्खी सकाळ गेली. गव्हाची कापणी संपून रानं मोकळी पडली होती. शाळा पुन्हा सुरू झालेली, ओसरीत मुलं पाढे म्हणत होती. बचन कौरच्या अंगणात तुतीचं झाड होतं, त्याच्या सावलीत ती बाजेवर बसली होती. जागीर फाटकापाशीच थांबला आणि पगडीला हात लावत म्हणाला, "बेबे, हे सुभेदार साब. महाराष्ट्रातले. आम्हाला चौकीवर शिधा आणून द्यायचे."

म्हातारीने सदाशिवला बसायला वेताचा मोडा दिला. आत जाऊन चहा आणला, एकच पेला, सदाशिवसाठी. जागीर उन्हात उभा होता, त्याला तिने बस म्हटलं नाही. मग त्याच्याकडे न बघताच तिने विचारलं, "त्या दिवशी त्याने काही खाल्लं होतं का?"

"हो बेबे. दुपारी. आमच्याबरोबरच. रोटी आणि चण्याची डाळ."

"पोटभर?"

"पोटभर. वरून कांदा मागून घेतला."

"कांदा लागायचाच त्याला," म्हातारी म्हणाली.

सदाशिवने पेला खाली ठेवला. ती डाळ, तो कांदा त्याच्या ट्रकमधून गेला होता. आपण कुणाला मारत नाही, आपण फक्त जेवू घालतो, असं तो आयुष्यभर स्वतःला सांगत आला होता, आणि ते खरंही होतं. पण त्या अंगणात बसून ते स्वतःशी पुन्हा म्हणायची त्याला इच्छा झाली नाही.

"तू दाखवलंस त्याला?" म्हातारीने विचारलं.

"नाही. पण जीपमध्ये होतो. त्याला उतरवलं तेव्हा मी आत बसून राहिलो."

तुतीखाली चिमण्या भांडत होत्या. म्हातारीने पेला उचलला, तो रिकामा झालाय का बघितलं. "तुझ्या भावालाही मरताना असंच कुणीतरी बसून बघितलं असेल," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "राहायचं तर राहा गावात. तुझी बायको एकटीने किती काढणार. मी कुणाला काही बोलणार नाही. पण माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस."

जागीरने वाकून तिच्या पायांच्या दिशेने हात केला, जवळ न जाता, आणि मागे फिरला. बस थांब्यापर्यंत तो सदाशिवला पोचवायला आला. बस आल्यावर त्याने सदाशिवचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "पंचकुल्याच्या घरी माझी पेटी आहे. ती कुणाला लागेल त्याला द्या."

सदाशिव घरी पोचला तेव्हा गल्लीत दिवे लागत होते. सरोजने पाणी दिलं.

"काय झालं?"

"राहिला तो गावी."

"म्हणजे एक कमी झाला," ती म्हणाली. ती त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या बुटांची नाडी सोडू लागली, कारण त्याचा हात तिथवर जात नव्हता. बाहेरच्या खोलीत आदल्या दिवशी आलेले दोघे नवे होते. सरळ उठून उभे राहिले, फौजेत उभे राहतात तसे.

"बसा, बसा," सदाशिव म्हणाला. "उद्या मोहालीला जाऊ. एक जागा आहे रखवालीची. पंचकुल्यातही एक रिकामी झालीय." त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण भिंतीला डोकं टेकलं आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला झोप लागली.